अकरा गडी जमवण्याचा खेळ : ‘इनाझुमा इलेव्हन’ आणि जपानी शालेय फुटबॉल

जपानमधील फुकुओका शहरातल्या ‘लेव्हल-फाइव्ह’ या कंपनीने २२ ऑगस्ट २००८ रोजी ‘निन्टेन्डो डीएस’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ‘इनाझुमा इलेव्हन’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. फुटबॉलवरचे व्हिडिओ गेम तोवर भरपूर निघाले होते, पण त्यांतील बहुतेकांचा रोख नामांकित व्यावसायिक संघ आणि दूरचित्रवाणीवर दिसणारा सामना हुबेहूब उभा करण्याकडे असे. या गेमचा नायक मात्र माध्यमिक शाळेतला एक गोलरक्षक आहे, त्याच्या शाळेच्या फुटबॉल मंडळात त्याला धरून अवघे सात जण आहेत, आणि सामना खेळण्याआधी शाळाभर हिंडून उरलेले गडी गोळा करणे हे खेळणाऱ्याचे पहिले काम आहे. या गेमचा प्रकार ‘रोल-प्लेइंग’, म्हणजे खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका पत्करून दीर्घ कथेतून पुढे जायचे, वाटेत सोबती जोडायचे, लढती द्यायच्या आणि प्रत्येक लढतीतून मिळणाऱ्या अनुभवाच्या बळावर पात्रांची पातळी वाढवत न्यायची. १९८६ साली एनिक्स कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून हा प्रकार जपानी घराघरांत रुजला, पण त्यात तलवारी, राक्षस आणि राजवाडे असत. त्या साच्यात शाळेचे फुटबॉल मैदान कसे येऊन बसले, याचे उत्तर तंत्रज्ञानाच्या इतिहासात थोडेसेच सापडते. ते अधिक करून जपानी शाळांच्या इतिहासात आहे.

जपानमध्ये फुटबॉल आला तो आरमाराच्या वाटेने. १८७३ साली टोकियोतील त्सुकिजी येथल्या नौदल विद्यालयात शिकवण्यासाठी आलेले ब्रिटिश अधिकारी आर्चिबाल्ड डग्लस यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि तो देशभर पसरला तो शिक्षक घडवणाऱ्या संस्थांमुळे. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयात १८९६ साली फुटबॉल मंडळ स्थापन झाले, १९०३ साली तेथील विद्यार्थ्यांनी या खेळावर पुस्तक काढले, आणि पुढच्याच वर्षी योकोहामातील परदेशी रहिवाशांच्या क्लबशी सामना खेळून ते ० विरुद्ध ९ असे सपाटून हरले. या पराभवाला जपानी फुटबॉलच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, कारण हरलेले हेच विद्यार्थी पुढे शिक्षक म्हणून गावोगावी गेले आणि जाताना आपल्याबरोबर चेंडू आणि नियम घेऊन गेले. इंग्लंडमध्ये हा खेळ कारखान्यांच्या वस्त्यांतून आणि धंदेवाईक संघांतून वाढला, तर जपानमध्ये तो मास्तरांच्या हातून, शाळेच्या पटांगणात वाढला. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या फरकात आहे.

१९१८ साली ओसाकाच्या मैनिची वृत्तपत्राने तोयोनाका येथे शालेय संघांची स्पर्धा भरवली. त्या पहिल्या स्पर्धेत रग्बी आणि फुटबॉल हे दोन्ही खेळ होते, आणि आज दर हिवाळ्यात भरणारी अखिल जपान उच्च माध्यमिक शाळा फुटबॉल स्पर्धा आपला वंश तिथपर्यंत नेते. फुटबॉलमध्ये पहिली सलग सात विजेतेपदे कोबेजवळच्या मिकागे अध्यापक विद्यालयाने पटकावली, म्हणजे येथेही विजेते हे उद्याचे शिक्षकच होते. देशाची फुटबॉल संघटना स्थापन झाली ती त्यानंतर, १९२१ साली. शाळांची स्पर्धा संघटनेहून वयाने मोठी असणे ही गोष्ट जपानी फुटबॉलचा गाभा कोठे होता हे पुरेसे सांगते.

याच काळात त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत असलेल्या ब्रह्मदेशातून टोकियोत तंत्रशिक्षण घेण्यासाठी आलेल्या चो दिन या विद्यार्थ्याने जपानी फुटबॉलला नवे वळण दिले. ब्रिटिश अमलाखाली ब्रह्मदेशात रुजलेला, आखूड पासांवर आधारलेला खेळ त्याला अवगत होता आणि मुख्य म्हणजे तो समजावून सांगण्याची हातोटी त्याच्यापाशी होती. १९२३ साली त्याचे फुटबॉलवरचे पुस्तक जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या महाभूकंपाने त्याचे विद्यालय बंद पडल्यावर तो ठिकठिकाणच्या शाळांना शिकवत देशभर फिरला, आणि वासेदा विद्यापीठाशी संलग्न उच्च विद्यालयाचा संघ त्याच्या मार्गदर्शनाखाली विजेता ठरला. धंद्याने प्रशिक्षक नसलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याने देशाच्या खेळाची घडी बसवावी, हे खेळाच्या इतिहासात विरळाच घडते, आणि दक्षिण आशियात त्याचे नाव आजही फारसे कोणाला ठाऊक नाही ही खेदाची बाब आहे.

या साऱ्यातून जी संस्था आकाराला आली तिला जपानी भाषेत ‘बुकात्सु’ म्हणतात. शाळेचे तास संपल्यावर विद्यार्थी ज्या खेळाच्या वा कलेच्या मंडळात सामील होतात, त्या मंडळाचा आणि त्यातील नित्य सरावाचा त्या नावात समावेश होतो. मंडळाला शाळेतला एखादा शिक्षक पालक म्हणून असतो, वरच्या वर्गातील मुले खालच्यांना शिकवतात आणि त्यांच्याकडून मानही घेतात, एक कर्णधार असतो, आणि पाणी, नोंदी व सामानसुमान सांभाळणारी ‘मॅनेजर’ असते, जी मुलांच्या संघात बहुधा मुलगी असते. मंडळाला स्वतःची खोली मिळते, ती बहुतेक वेळा जुनी आणि अरुंद असते, आणि सभासद पुरेसे नसतील तर शाळा मंडळ बंदही करू शकते. तीन वर्षे हे सारे सोसून उन्हाळी वा हिवाळी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचणे हे लाखो मुलांचे स्वप्न असते, आणि हिवाळी स्पर्धा १९७६ साली कान्साई भागातून टोकियोच्या परिसरात हलल्यावर तेथील राष्ट्रीय स्टेडियम हे त्या स्वप्नाचे दुसरे नाव झाले. व्यावसायिक ‘जे-लीग’ सुरू झाली ती १५ मे १९९३ रोजी. म्हणजे जपानी प्रेक्षकाने पाऊणशे वर्षे जो फुटबॉल पाहिला, त्याचा मोठा भाग शाळा, विद्यापीठे आणि कंपन्यांच्या हौशी संघांचा होता.

मुलांसाठीच्या चित्रकथांनी, म्हणजे ‘मांगा’ने, ही संस्था उचलली नसती तरच नवल. १९६० च्या दशकात लेखक काजिवारा इक्की आणि चित्रकार कावासाकी नोबोरू यांच्या ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलवरच्या कथेने अतिमानवी चेंडूफेकीची चाल लोकप्रिय केली, आणि काजिवारांच्याच १९७० च्या सुमाराच्या ‘आकाकी ची नो इलेव्हन’ या फुटबॉलकथेला सायतामा प्रांतातील उरावा मिनामी या खऱ्याखुऱ्या शाळेच्या संघाचा आधार होता. पुढे १९८१ साली ताकाहाशी योइची यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही मालिका ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली. चेंडूला मित्र मानणारा शाळकरी नायक, मैलभर लांब भासणारे मैदान, आणि प्रत्येक महत्त्वाच्या खेळाडूचा नावानिशी ओळखला जाणारा खास फटका ही या कथेची वैशिष्ट्ये होती. फटक्याला नाव देणे ही वरवर पोरकट वाटणारी युक्ती गेमच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली, कारण नाव दिलेली कृती यादीत मांडता येते, तिची किंमत ठरवता येते आणि ती शिकता येते.

हे पहिल्यांदा नीट ओळखले ते टेक्मो या कंपनीने. १९८८ साली तिने निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी ‘कॅप्टन त्सुबासा’वर गेम काढला, तेव्हा बोटांच्या चपळाईने चेंडूमागे धावण्याची प्रचलित पद्धत तिने बाजूला ठेवली. चेंडू असलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी आला की खेळ थांबे, पडद्यावर पास, ड्रिबल, फटका असे पर्याय येत, आणि निवड केल्यावर त्या चकमकीचे चित्र मोठ्या आकारात उलगडे. प्रत्येक खेळाडूपाशी ‘गट्स’ म्हणजे दमाचा ठरावीक साठा असे, खास फटक्याला तो अधिक खर्च होई, आणि सामन्यानंतर अनुभव मिळून पातळी वाढे. फुटबॉल आणि रोल-प्लेइंग यांची गाठ येथे बांधली गेली, म्हणून ‘इनाझुमा इलेव्हन’ला या प्रकाराचा जनक म्हणण्याची जी प्रथा दिसते ती मान्य करता येत नाही. टेक्मोच्या गेममध्ये मात्र एक उणीव राहिली होती : त्यात सामन्यामागून सामने होते, शाळा नव्हती. मंडळाची खोली, जिन्यात भेटणारे वर्गमित्र, सरावाचे पटांगण, म्हणजे ज्या जगातून तो फुटबॉल उगवला होता ते जग, त्यात कोठेही पाऊल ठेवता येत नव्हते.

ही उणीव भरून काढणारी लेव्हल-फाइव्ह ही कंपनी हिनो आकिहिरो यांनी १९९८ साली फुकुओकात स्थापन केली होती. प्लेस्टेशन २ साठी ‘डार्क क्लाउड’, मग २००४ साली स्क्वेअर एनिक्ससाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ अशी कामे करून तिने रोल-प्लेइंग प्रकारात नाव कमावले, आणि २००७ साली डीएस यंत्रावरील ‘प्रोफेसर लेटन’ या कोड्यांच्या गेमपासून ती स्वतःच प्रकाशकही झाली. डीएस हे यंत्र २००४ च्या अखेरीस निघाले होते. त्याला एकाखाली एक असे दोन पडदे होते, त्यांतील खालचा पडदा स्पर्श ओळखत असे, आणि लेखणीसारख्या छोट्या कांडीने त्यावर रेघा ओढता येत. जगभरात या यंत्राच्या १५ कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरात ते सर्रास सापडू लागले. फुटबॉलशी कंपनीची जवळीक तिच्या शहरातही दिसली : २००८ सालीच तिने अविस्पा फुकुओका या संघाच्या घरच्या मैदानाच्या नावाचे हक्क घेतले, आणि हाकाता नो मोरी येथील ते मैदान पुढची बारा वर्षे ‘लेव्हल-फाइव्ह स्टेडियम’ म्हणून ओळखले गेले.

‘इनाझुमा इलेव्हन’ची कथा राइमोन या माध्यमिक शाळेत घडते. जपानी माध्यमिक शाळा म्हणजे आपल्याकडच्या साधारण सातवी ते नववीचे वर्ग. एन्दो मामोरू हा तेथील फुटबॉल मंडळाचा कर्णधार आणि गोलरक्षक आहे. सभासद सरावाला टाळाटाळ करतात, मंडळाची खोली पडायला आली आहे, आणि अशा वेळी देशातील अजिंक्य शाळा तेइकोकू गाकुएन सामन्याचे आव्हान देते. हरल्यास मंडळ बरखास्त होणार अशी अट पडते. या पहिल्या सामन्याची मांडणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. तेइकोकूचे खेळाडू एकामागून एक २० गोल करतात, राइमोनचे गडी मैदानात लोळत असतात, गोलरक्षक प्रत्येक वेळी पुन्हा उठून उभा राहतो; मग फुटबॉल सोडून दिलेला गोएन्जी शुया हा मुलगा गर्दीतून मैदानात उतरून ज्वाळांनी वेढलेल्या फटक्याने एकच गोल करतो आणि तेइकोकूचा संघ सामना सोडून निघून जातो. बहुतेक गेममध्ये पहिली लढत खेळणाऱ्याला विजयाची गोडी लावण्यासाठी सोपी ठेवलेली असते. येथे तीत २० गोल खावे लागतात, आणि १९०४ च्या योकोहामातील पराभवापासून चालत आलेली शालेय फुटबॉलची वृत्ती, म्हणजे हरूनही मैदान न सोडणे, लहान मुलाला विनाउपदेश कळते.

गोलरक्षकाला नायक करण्याचा निर्णयही असाच धाडसी होता. कॅप्टन त्सुबासापासून नायक म्हणजे गोल करणारा हे समीकरण पक्के झाले होते. एन्दोचे काम अडवण्याचे आहे, त्याला सामना एकट्याने जिंकताच येत नाही, आणि त्यामुळे संघ जमवणे ही कथेची गरज बनते. त्याचे आजोबा दाइसुके हे चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘इनाझुमा इलेव्हन’ या गाजलेल्या शालेय संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या वहीतील किरटे अक्षर नातवाखेरीज कोणाला लागत नाही, आणि ती वही वाचून, झाडाला टांगलेला टायर झोकून तो अंगावर झेलत, एन्दो ‘गॉड हँड’ ही प्रचंड तेजस्वी पंजाची अडवणूक शिकतो. वडीलधाऱ्या पिढीकडून खालच्या पिढीकडे कसब जाणे हा बुकात्सुचा प्राण आहे, आणि तो येथे एका वहीच्या रूपाने डोळ्यांसमोर राहतो.

खेळण्याची पद्धत या कथेशी एकजीव झालेली आहे. सामन्यात खालच्या पडद्यावर मैदान दिसते, कांडीने रेघ ओढली की खेळाडू त्या वाटेने धावतो, एका ठिकाणी टेकवले की पास जातो. दोन खेळाडू समोरासमोर आले की काळ थांबतो आणि ताकदीने भिडायचे की जपून खेळायचे हे ठरवावे लागते. धावण्याने दमाचे गुण कमी होतात, नाव असलेली खास कौशल्ये वापरण्यासाठी वेगळे गुण खर्चावे लागतात, त्यामुळे उत्तरार्धासाठी काही शिल्लक ठेवण्याचा हिशेब करावाच लागतो. प्रत्येक खेळाडूला वारा, वन, अग्नी आणि पर्वत यांपैकी एक गुणधर्म असतो. हे चार शब्द सोळाव्या शतकातील सरदार ताकेदा शिंगेन याच्या निशाणावरचे म्हणून जपानी मुलाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असतात. वारा पर्वतावर, पर्वत अग्नीवर, अग्नी वनावर आणि वन वाऱ्यावर भारी पडते. शाळेच्या आवारात वा गल्लीत हिंडताना इतर मंडळांची मुले अचानक अडवतात आणि चारास चार असा छोटा सामना होतो, ज्यात ठरल्या वेळात चेंडू हिसकावणे किंवा पहिला गोल करणे एवढेच उद्दिष्ट असते. जुन्या गेममध्ये रानात राक्षस भेटत, त्या जागी येथे वर्गमित्र आले. हजाराहून अधिक पात्रांतून हवे ते खेळाडू मैत्रीचे गुण खर्चून संघात घेता येतात, ही सोय तर शाळेत मंडळासाठी मुले गोळा करण्याचीच नक्कल आहे.

गेमच्या पाठोपाठ ऑक्टोबर २००८ मध्ये टीव्ही टोकियोवर याच कथेची चलच्चित्र मालिका सुरू झाली, जी एप्रिल २०११ पर्यंत १२७ भाग चालली, आणि याबुनो तेन्या यांनी ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकात चित्रकथा लिहिली, जिला २०१० साली कोदान्शाचा बालमांगा पुरस्कार मिळाला. एकाच कथेने एकाच वेळी तीन माध्यमांतून मुलांपर्यंत जाण्याची ही व्यूहरचना लेव्हल-फाइव्हने पुढे अनेकदा वापरली.

१ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या दुसऱ्या भागात शाळांवर हल्ला करणाऱ्या रहस्यमय संघाशी झुंजण्यासाठी राइमोनची मुले बसमधून देशभर फिरतात. होक्काइदोच्या बर्फातला फुबुकी, ओकिनावाच्या लाटांवर वाढलेला त्सुनामी, कंपनीच्या स्वतःच्या फुकुओकातला गोलरक्षक ताचिमुकाई असे प्रांतोप्रांतीचे खेळाडू त्यांना मिळतात, आणि पहिल्या भागात बहुतांशी मॅनेजर म्हणून वावरणाऱ्या मुलींना येथे प्रत्यक्ष संघात जागा मिळते. तिसऱ्या भागात जपानचा कुमार संघ जागतिक स्पर्धेत उतरतो. हा भाग १ जुलै २०१० रोजी आला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात जपान पॅराग्वेकडून पेनल्टीवर हरल्यानंतर दोनच दिवसांनी. या भागांचा आवाका मोठा असला तरी पडक्या खोलीची आणि सात सभासदांची जी ऊब पहिल्या भागात होती ती त्यांत विरळ होत गेली.

युरोपात पहिला भाग निन्टेन्डोने २०११ साली आणला, तेव्हा एन्दो मामोरूचा मार्क इव्हान्स झाला; स्पेन आणि इटलीत मालिकेने मोठा चाहतावर्ग मिळवला. अमेरिकेत तो २०१४ साली, तोही केवळ इंटरनेटवरून विकत घेण्यापुरता आला. फुटबॉल मुलांच्या जगण्यात जितका खोल, तितका हा गेम रुजला.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक विचार करायला लावतो तो डिसेंबर २०११ मधील ‘इनाझुमा इलेव्हन गो’. दहा वर्षांनंतरच्या या कथेत फुटबॉलमधील बळावर शाळांची पत ठरू लागली आहे, हरणाऱ्या शाळा ओस पडत आहेत, आणि ते थांबवण्याच्या नावाखाली ‘फिफ्थ सेक्टर’ नावाची यंत्रणा सामन्यांचे निकाल आधीच ठरवून देते. मुलांसाठीच्या गेमने शालेय स्पर्धेच्या अतिरेकाचे आणि तिच्यावरील सरकारी छापाच्या उपायाचे असे चित्र काढावे, ही मोठी समज आहे. प्रत्यक्षातही तो प्रश्न जपानमध्ये पेटलेला होता. सुट्ट्यांसह वर्षभर चालणारा सराव, शिक्षकांवर पडणारा विनावेतन भार आणि घटत्या जन्मदरामुळे संघापुरतीही मुले न मिळणाऱ्या शाळा, या कारणांनी मार्च २०१८ मध्ये तेथील क्रीडा विभागाने आठवड्यातून किमान दोन दिवस विश्रांती आणि एरवी सुमारे दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन तास सराव अशी मर्यादा सुचवली. २०२३ पासून सुट्टीच्या दिवसांचा सराव शाळांकडून काढून स्थानिक क्लबांकडे सोपवण्याची प्रक्रिया सुरू झाली. अनेक ठिकाणी दोन-तीन शाळांना मिळून एकच संघ उतरवावा लागतो, आणि सात सभासदांचे मंडळ ही आता कल्पित कथेची सुरुवात राहिलेली नाही.

अनेकदा लांबणीवर पडलेला मालिकेचा नवा गेम, ‘व्हिक्टरी रोड’, अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पात्रांची संख्या पाच हजारांच्या घरात आहे. तरीही शाळेच्या मंडळाची रचना, त्यातील नाती आणि गडी जमवण्याची धडपड खेळाच्या नियमांतच बांधून दाखवणारा भाग २००८ चा पहिलाच होय, आणि विसाव्या शतकातील जपानी शालेय फुटबॉलचा अभ्यास करणाऱ्याने स्पर्धांच्या नोंदींइतक्याच गांभीर्याने तो पाहिला पाहिजे.